आजोबा फौजेत होते, पण पुढं काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या फौजी घराण्यांचा इतिहास कसा शोधायचा

करवीर_पलटण

आपल्याकडं शिरोळपासून चंदगडपर्यंत फौजी माणूस नाही असं गाव शोधावं लागतं. सैनिक टाकळीनं तर गावाच्या नावातच सैनिक घेतलाय. तरी घरात विचारलं की उत्तर एकच येतं, "आजोबा मिलिट्रीत होते, लढाईला गेले होते." कुठली पलटण, कुठली लढाई, सुटले कधी, यातलं काही सांगता येत नाही. यातली निम्मी माहिती ट्रंकेत पडून असते आणि उरलेली फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात, जिथं प्रत्येकाच्या नोकरीची फाईल असते. ती बाहेर कशी काढायची यासाठी हा धागा. ज्यांना कागद वाचता येतात त्यांनी भर घालावी.

सुरुवात गोष्टींपासून करू नका, डिस्चार्ज बुकापासून करा. फौजेतून सुटताना मिळालेली छोटी पुस्तिका असते, बहुतेक घरांत पीपीओबरोबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाबरोबर, एकाच पिशवीत सापडते. पहिल्या पानावरून चार गोष्टी जशाच्या तशा उतरून घ्या: आर्मी नंबर, हुद्दा, इंग्रजीत लिहिलेलं नाव आणि युनिट. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. रेकॉर्डला माणूस त्याच चुकीच्या स्पेलिंगनं सापडतो.

मग भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि डिस्चार्जचं कारण. कारणाच्या रकान्यात आर्मी रूल १३(३) आणि पुढं III(i), III(iii), III(iv) असं काहीतरी असतं. लोक ते सोडून देतात आणि तिथंच चुकतात. III(i) म्हणजे भरतीच्या अटीप्रमाणे नोकरी पुरी झाली. III(iii) म्हणजे मेडिकल अनफिट. III(iv) म्हणजे मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून घरी. जवानाला सर्व्हिस पेन्शन लागायला १५ वर्षं लागतात. त्यामुळं "सरकारनं आजोबांची पेन्शन बुडवली" असं पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या घरात कधी कधी ७ वर्षांची नोकरी आणि III(iv) निघतं. थोरला भाऊ वारला, रान पडीक पडलं, म्हणून माणूस परत आला, असं काहीतरी त्यामागं असतं. पेन्शन का नाही याचं उत्तर मग शेताच्या कागदात शोधायचं, फौजेच्या नाही.

भुदरगडी

चांगला धागा. एक भर घालतो. जुन्या डिस्चार्ज बुकात 'ट्रान्सफर टू रिझर्व्ह' असंही दिसतं. त्या काळच्या भरतीत काही वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष पलटणीत, आणि त्यानंतर काही वर्षं रिझर्व्ह. ७ आणि ८ ही जोडी खूप दिसते. रिझर्व्हमधला माणूस घरी शेती करायचा आणि बोलावणं आलं की परत जायचा. १९६५ आणि १९७१ ला अशांना बोलावलं होतं. म्हणून "आजोबा १९६४ ला सुटले आणि ७१ च्या लढाईतही होते" हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कुणाचं खोटं ठरवायच्या आधी रिझर्व्हची नोंद बघा. ७ आणि ८ मिळून १५ भरत असतील तर रिझर्व्हिस्ट पेन्शनचाही प्रश्न असतो.

दुसरं, १९४६-४७ ला सुटलेले. महायुद्ध संपल्यावर फौज एकदम कमी केली, तेव्हा युद्धात भरती झालेली मंडळी ग्रॅच्युइटी घेऊन घरी आली. त्यांना पेन्शन नाही यात त्यांचा काही दोष नव्हता. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातल्या अशा माजी सैनिकांना आणि विधवांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दरमहा अनुदान देत आलंय. आजोबांचं किंवा आजीचं नाव त्या यादीत असेल तर तिथल्या फाईलमध्ये नंबर आणि युनिट हमखास असतं. मूळ कागद हरवलेल्यांनी आधी तिथं विचारावं.

पंचगंगाकाठ

घरात जुना कागद आहे, त्यावर युनिट '२/५ एमएलआय' लिहिलंय. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत तर २ आणि ५ अशा दोन वेगळ्या पलटणी दिसतात. यातली कुठली धरायची?

करवीर_पलटण

दोन्ही नव्हे तसं, आणि एका अर्थी पहिली. २/५ म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. १९२२ ला जुन्या मराठा पलटणी एकत्र करून '५ वी मराठा लाइट इन्फंट्री' ही रेजिमेंट केली. १०३ ची झाली १/५, ती जंगी पलटण. १०५ ची झाली २/५, ती काली पाँचवीं. ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ रॉयल. ११४ बेळगावच्या ट्रेनिंगसाठी गेली. महायुद्धानंतर रेजिमेंटचा '५' हा आकडा गेला आणि नुसती १ मराठा, २ मराठा अशी नावं राहिली. म्हणजे तुमची २/५ ही आजची २ मराठा.

तिरक्या रेषेच्या दोन्ही बाजू नीट वाचा, कारण त्यावर माणूस कुठल्या देशात लढला हे ठरतं. २/५ जून १९४२ ला लिबियात तोब्रुकला होती आणि तोब्रुक पडल्यावर तिथली फौज कैदेत गेली. त्या पलटणीच्या माणसाबद्दल "तीन वर्षं पत्र नव्हतं" असं घरात सांगत असतील तर तो युद्धकैदी असण्याचा शोध घ्या. ४/५ मार्च १९४४ ला मणिपूरमध्ये सांगशाकला जपान्यांशी लढली. १/५, ३/५ आणि ५/५ इटलीत होत्या. नाईक यशवंत घाडगे (३/५, १० जुलै १९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (१/५, ९ एप्रिल १९४५), दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतच. "आजोबा बर्मा लढाईत होते" आणि कागदावर १/५ असेल तर काहीतरी जुळत नाही. बदली झाली होती का ते शोधा.

३/५ च्या वंशजांनी लक्षात ठेवा, ही पलटण पुढं पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि २ पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला पॅराशूटनं उतरली ती हीच. त्यामुळं आजोबा '३ मराठा' आणि वडील '२ पॅरा' असले तर पलटण एकच असू शकते, आणि वडिलांचं रेकॉर्ड मात्र बेळगावला नसून बेंगळुरूला असेल.

टेंबलाई_रोड

पदकांबद्दल लिहितो, कारण कागद जळाले तरी पदकं राहतात.

पदकाचा चेहरा बघू नका, कड बघा. चांदीच्या किंवा पांढऱ्या धातूच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट बारीक अक्षरात ठोकलेलं असतं. पदक उभं धरायचं, टॉर्च बाजूनं तिरका मारायचा आणि मोबाईलनं कड चार भागांत टिपायची. समोरून उजेड मारला तर अक्षर दिसत नाही. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलवर नाव कडेला असतं, १९१४-१५ च्या स्टारवर मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धाच्या स्टारवर नाव असेलच असं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर बहुधा असतं.

कृपा करून पितळेच्या पॉलिशनं घासू नका. दर दसऱ्याला पूजेच्या आधी पदकं लखलखीत करायची पद्धत आहे, भावना चांगली आहे, पण वीस-तीस दसरे झाले की कडेवरचा नंबर गुळगुळीत होतो. आणि तो नंबरच तर आपल्याला हवा असतो. कोरड्या मऊ कापडानं पुसा, बास. रिबन धुवू नका.

पदकांवरून आयुष्य कसं लागतं बघा. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि त्यावर जम्मू-काश्मीरची पट्टी, म्हणजे १९४७-४८ ला काश्मीर. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, म्हणजे १९६५. १९७१ साठी पूर्वी स्टार पूर्वेला, पश्चिमी स्टार पश्चिमेला आणि संग्राम मेडल. दोन स्टारपैकी कुठला आहे यावरून माणूस ढाक्याच्या बाजूला होता की राजस्थान-पंजाबच्या, हे एका नजरेत कळतं. सैन्य सेवा मेडलवर पट्ट्या असतात: जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय, मरुस्थल वगैरे. एकेक पट्टी म्हणजे एकेक पोस्टिंग समजा. ९ वर्षं आणि २० वर्षं दीर्घ सेवेची पदकं वेगळी असतात. २० वाल्याचं पदक असेल आणि घरात "दहा वर्षं नोकरी केली" सांगत असतील तर पदक खरं.

फक्त एक सावधगिरी. बाजारात घेतलेली बदली पदकं खूप घरांत आहेत, परेडला लावायला घेतलेली. कड कोरी असेल तर तिच्यावर इतिहास रचू नका.

आजरा_घाट

पहिल्या महायुद्धाचं कुणी काही सांगितलं नाही म्हणून लिहिते.

१०३, ११० आणि ११७ मराठा या तिन्ही पलटणी ६ व्या पूना डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूतला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. नंतरच्या कैदेत, चालवत नेताना, फार माणसं गेली. "पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" ही गोष्ट आपल्या भागात जिथं जिथं आहे तिथं या तीन पलटणी आधी तपासा.

तपासायचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर, विनाशुल्क. नाव टाकून लगेच सापडत नाही, कारण कारकुनानं कानावर पडलं तसं इंग्रजी लिहिलंय. आडनाव घालून बघा, मग नुसतं पहिलं नाव, मग पलटण निवडून सगळी यादी खाली ओढत बघा. वेळ जातो, पण काम होतं. नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव आणि 'कोल्हापूर' असं असतं.

इथं कोल्हापूरकरांची खास अडचण येते. आजचा जिल्हा तेव्हा नव्हता. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून चंदगडचा माणूस बेळगावचा म्हणून नोंदलेला असतो. कुरुंदवाड वेगळं संस्थान. आजरा इचलकरंजी जहागिरीत, मलकापूर विशाळगड जहागिरीत. एकाच घरातले दोन भाऊ दोन जिल्ह्यांचे म्हणून सापडू शकतात. गावाचं नाव धरा, जिल्ह्याचं सोडा.

बसरा स्मारकावर चाळीस हजारांवर सैनिकांची स्मृती आहे, पण तिथं हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची फक्त संख्या. शिपायांची नावं वहीत राहिली. हा भेदभाव होता हे कमिशननं २०२१ ला स्वतः मान्य केलं. त्यामुळं स्मारकाच्या फोटोत पणजोबांचं नाव दिसलं नाही म्हणून ते तिथले नव्हते असं समजू नका. कागदावरची नोंद हीच त्यांची ओळख आहे आणि ती आपण उतरून घेतली पाहिजे.

बऱ्याच गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत एक पाटी असते: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. तिच्यावर नावं नसतात. पण आकडा असतो, आणि आपल्या यादीत तेवढी नावं भरली का हे तपासायला तो उपयोगी पडतो. रंग देताना अक्षरं बुजतात, आधी फोटो काढून ठेवा.

पंचगंगाकाठ

आणि नंबरच नसेल तर? ना पदक, ना बुक. फक्त एक फोटो आणि थोडी पत्रं.

भुदरगडी

पत्रं आहेत ना, मग बरंच आहे. पत्ता बघा, त्यात एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. '५६ एपीओ' असेल तर पश्चिम-उत्तरेची बाजू, '९९ एपीओ' असेल तर पूर्वेची. पत्रावर पाठवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि कंपनी लिहायची शिस्तच होती, त्यामुळं इनलँडच्या मागच्या घडीवर नंबर मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. मनिऑर्डरची कुपनं टाकून देऊ नका. शिक्क्यावरची तारीख लावून क्रमानं ठेवली की माणूस कधी कुठं होता याची माळ तयार होते.

फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असतो. बेळगावचा असेल तर रिक्रूट असतानाचा किंवा कसम परेडनंतरचा असण्याचा संभव मोठा. टोपीच्या बिल्ल्यात बिगूल असेल तर लाइट इन्फंट्रीकडं बघा. पण कोल्हापूरचा म्हणजे मराठाच असं धरून चालू नका. आपली माणसं बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांत, आहेत, तोफखान्यात आहेत, महार रेजिमेंट, सिग्नल, सप्लाय, मेडिकलमध्येही आहेत.

गावातले कागद विसरू नका. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख. फौजेतली जन्मतारीख आणि शाळेतली तारीख जुळत नसेल तर घाबरू नका, भरतीला वय अंदाजानं लिहायचे. फौज भरतीच्या वेळची तारीखच धरते. माजी सैनिक म्हणून जमीन मिळाली असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ किंवा नवीन शर्त दिसते. त्या फेरफाराचा नंबर धरून तहसील कार्यालयातून मूळ आदेशाची नक्कल मागा. आदेशात नंबर आणि पलटण लिहिलेली असते.

संस्थानच्या राजाराम रायफल्समधले असतील तर वाट वेगळी. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधीचे कागद संस्थानचे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करून दप्तर बघायला मागा.

पेन्शन_फाईल

आता रेकॉर्ड ऑफिस. पलटणीला लिहू नका, पलटण सीमेवर असते आणि जुने कागद तिच्याकडं नसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महारचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे) आणि ऑर्डनन्सचं (दारूगोळा-सामान सांभाळणारे) सिकंदराबादला, मेडिकलचं लखनौला, रणगाडा दळाचं अहिल्यानगरला, पहाऱ्याच्या डीएससीचं कन्नूरला.

अर्ज एका पानाचा, इंग्रजी किंवा हिंदीत, ऑफिसर इन चार्ज रेकॉर्ड्सच्या नावानं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि डिस्चार्जची तारीख, भरतीच्या वेळचं गाव-तालुका-जिल्हा, अर्जदाराचं नातं. सोबत मृत्यू दाखला, नातं दाखवणारा कागद आणि स्वतःचं ओळखपत्र. माणूस हयात असेल तर अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ द्या. "सगळी माहिती द्यावी" असं लिहिलं की अर्ज फिरत राहतो. तीनच गोष्टी मागा: सेवेचा गोषवारा, मिळालेल्या आणि देय असलेल्या पदकांची यादी, आणि कुटुंबाबद्दल झालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या, म्हणजे लग्न, मुलं वगैरेंच्या अधिकृत, नोंदी. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. उत्तर आलं नाही तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात तेच तीन मुद्दे.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. लाँग रोल नावाची मोठी नोंदवही मात्र राहते. म्हणून "कागद नष्ट केले" असं उत्तर आलं तर दुसऱ्या अर्जात लाँग रोलमधली नोंद मागा.

दोन सापळे. माणूस नायब सुभेदार झाला की जेसी, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याचा, नंबर नवा मिळतो. त्यामुळं सुभेदारांना दोन नंबर असतात आणि जवान असतानाची पदकं पहिल्या नंबरावर असतात. दोन्ही लिहा. आणि १९६५ च्या आधीच्या कागदात 'जमादार' दिसलं तर ते आजचे नायब सुभेदार. त्याला शिपायाच्या खालचा हुद्दा समजून वंशावळीत लिहू नका, हे फार घरांत झालंय.

शिरोळ_मळा

इतिहासाबरोबर आजचंही बघा मंडळी. ज्या घरात पेन्शनर हयात आहेत तिथं आजच संध्याकाळी पीपीओ काढून पत्नीचं नाव वाचा.

आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. लग्नाची पार्ट टू ऑर्डर झाली माहेरच्या नावानं, आधार झालं सासरच्या नावानं, बँकेत तिसरंच. नवरा असेपर्यंत कुणाचं अडत नाही. तो गेला की त्या माउलीनं कुटुंब पेन्शनला अर्ज केल्यावर दोन वेगळ्या बायका असल्यासारखी फाईल थांबते. दुरुस्ती हयातीत सोपी आहे: पेन्शनरच्या सहीचा अर्ज, दोन्ही नावं एकाच स्त्रीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, आधार, जोडफोटो, हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून घेऊन रेकॉर्डला. रेकॉर्डला नोंद झाली की प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून पीपीओची दुरुस्ती निघते. जन्मतारखेचंही तसंच, कारण वय वाढलं की ८० पासून जादा पेन्शन सुरू होते आणि पीपीओवर तारीखच नसेल तर ती मिळत नाही.

स्पर्श या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेलेल्यांचा पीपीओ नंबर नवा आहे. जुना फाडू नका, इतिहासाला जुनाच लागतो. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावरचं नाव पण त्याच वेळी जुळवून घ्या.

आजरा_घाट

म्हाताऱ्या फौजींना विचारायचं असेल तर "लढाईचं सांगा" असं म्हणू नका, बहुतेक जण गप्प बसतात. भरतीपासून सुरू करा. कुठं भरती झाली, उंची-छाती कुणी मोजली, बेळगावात कंपनी कुठली, पहिली पोस्टिंग कुठं, मग कुठं. फौजी माणूस साल विसरतो पण पोस्टिंगचा क्रम विसरत नाही. पीस (शांत ठाणं) आणि फील्ड (सीमेकडचं ठाणं) असं विचारत गेलात तर साखळी पुरी होते. सालं नंतर डिस्चार्ज बुकावरून लावा.

आजींनाही वेगळं बसवून विचारा. पोरं कुणाच्या रजेनंतर झाली, क्वार्टर कुठं मिळाली, तार कधी आली, हे त्यांच्याकडं असतं. फॅमिली क्वार्टरचं गाव कळलं की पीस पोस्टिंग कळलं.

पंचगंगाकाठ

आभारी आहे सगळ्यांचा. शेवटचं एक. इनलँडवर नंबर मिळाला, २७ नं सुरू होतो. पण घरात सगळे म्हणतात आजोबा शेवटी दारूगोळ्याच्या डेपोवर पहाऱ्याला होते. मग मराठा की ऑर्डनन्स?

पेन्शन_फाईल

२७ नं सुरू होणारा सात आकडी नंबर म्हणजे मराठा. पलटणीतून पेन्शनवर येऊन नंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, परत भरती झालेले असणार. डेपो, कारखाने, विमानतळ यांचा पहारा तेच करतात. डीएससीत नंबर नवा आणि रेकॉर्ड कन्नूर. तिथंही पेन्शनपात्र नोकरी झाली असेल तर दुसरी पेन्शन असते, म्हणून आजोबांच्या बँक पासबुकात दरमहा दोन रकमा जमा होत होत्या का ते बघा. दोन अर्ज करा, एक बेळगावला या नंबरावर, दुसरा कन्नूरला नाव, गाव आणि जुना मराठा नंबर देऊन. आधी बेळगावचा पाठवा. त्यांच्या उत्तरात डिस्चार्जची तारीख येईल, ती कन्नूरच्या अर्जात घालता येईल.